पत्रा टिकतो, सांधे थकतात: जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटींच्या गळतीचा आढावा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत. त्या तळ्यांकाठच्या घरांमागे ताडपत्रीखाली झाकलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट हे तिथले नेहमीचे दृश्य आहे. बारा ते सोळा फूट लांब, मागे छोटी मोटर, आणि वय बहुधा मालकाच्या मुलांपेक्षा जास्त. आजोबांनी घेतलेली बोट नातू चालवतो, कारण हा धातू लाकडासारखा कुजत नाही आणि लोखंडासारखा गंजून झडत नाही. पण अशा जवळजवळ प्रत्येक जुन्या बोटीत तासाभराने पायाखाली पाणी साचू लागते. तिथे किंवा मिशिगन, ओंटारिओकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाने उद्या अशी बोट स्वस्तात घ्यायचे ठरवले, तर पहिला प्रश्न हाच असेल: ही गळती थांबते का, आणि थांबवायची कशी?

उत्तरे तीन दिशांनी येतात. कोणी म्हणतो, आतून इपॉक्सीचा लेप द्या आणि मोकळे व्हा. कोणी म्हणतो, लेप ही मलमपट्टी आहे, सैल रिव्हेट पुन्हा ठोकल्याशिवाय बोट बरी होत नाही. तिसरा सांगतो, सगळे सांधे वेल्ड करून टाका. तिघांच्याही पदरी यशस्वी दुरुस्त्या आहेत आणि फसलेल्याही. माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकापासून सुरू होतो. उपाय कोणता, हे पाणी कशामुळे येते त्यावर ठरते. ते न पाहता केलेली दुरुस्ती टिकली तर केवळ नशिबाने टिकते.

विमानांच्या कारखान्यातून तळ्यात

या बोटींचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाला. हेलकॅट लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी विल्यम हॉफमन 1944 मध्ये अ‍ॅडिराँडॅक डोंगरांत लाकूड आणि कॅनव्हासची वजनदार कनू खांद्यावरून वाहून नेत होते. विमानाच्या पत्र्यातून हीच नाव हलकी करता येईल, असे त्यांना सुचले. 1945 मध्ये ग्रमनच्या अ‍ॅल्युमिनियम कनू बाजारात आल्या. पुढच्याच वर्षी मिनेसोटात अ‍ॅल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर सुरू झाल्या, 1948 मध्ये लुंड. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी घटली होती. धातू होता, पत्रा वाकवून रिव्हेट मारणारे कुशल हात होते. बोटींना ते दोन्ही मिळाले.

ही वंशावळ दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जुनी अ‍ॅल्युमिनियम बोट बहुतेक वेळा विमानाच्या रीतीने बांधलेली असते. दीड ते अडीच मिलिमीटर जाडीचे पत्रे एकमेकांवर चढवायचे, मध्ये सीलंटची किंवा गॅस्केटची पट्टी घालायची आणि शेकडो रिव्हेटनी ते आवळायचे. पाणी अडवण्याचे काम मधली पट्टी करते आणि तिला दाबून धरण्याचे काम रिव्हेट करतात. या जोडीतले कोणीही एक कमी पडले की पाझर सुरू होतो. क्रेस्टलायनरसारख्या कंपन्या पुढे वेल्ड केलेल्या बोटींसाठी ओळखल्या जाऊ लागल्या, लुंडने रिव्हेटची वाट धरून ठेवली. आपल्यासमोरची बोट यांपैकी कोणत्या घराण्यातली, हे कळल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नये.

पाणी येते कुठून

सर्वांत साधे कारण सर्वांत जास्त वेळा खरे ठरते: मागच्या तळातले बूच. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना हे बूच काढून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण बोटीत राहिलेल्या पाण्याबरोबर झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे बूच रोज काढले आणि लावले जाते, त्याचे रबर झिजते, ज्या नळीत ते बसते ती सैल होते. ही नळी अनेकदा पितळेची असते आणि पितळ अ‍ॅल्युमिनियमला कसे खाते ते पुढे येईलच. दुसरा संशयित म्हणजे पकडलेले मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीची नळी. तळातून आरपार जाणारे प्लॅस्टिकचे तोंड उन्हाने ठिसूळ होऊन तडकते, नळीचा क्लिप सैल होतो, आणि मालक मात्र रिव्हेट शोधत बसतो.

यानंतर खरे दुखणे, सैल रिव्हेट. मोटरच्या जोरावर बोट लाटांवर आपटत जाते तेव्हा तळाचा पत्रा दर आपटीला थोडा लवतो. हजारो वेळा लवल्यावर रिव्हेटभोवतीचे भोक किंचित लांबट होते. ट्रेलरच्या फळ्यांवर खडबडीत रस्त्याने झालेला प्रवास तेच करतो. क्षमतेपेक्षा मोठी मोटर लावली की ती जिच्यावर बसते ती मागची पाटी पुढेमागे हलते आणि तिच्या कोपऱ्यांतले सांधे उघडतात. बोट वाळूवर ओढून काढायची सवय असेल तर तळाच्या कण्यावरच्या रिव्हेटची डोकी घासून सपाट होतात. थंडीत सांध्यात अडकलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि फट दरवर्षी थोडी रुंद करते.

तिसरे कारण तडा. तो बहुधा बाकाच्या टोकाशी, बरगडी संपते तिथे किंवा मागच्या पाटीच्या कोपऱ्यात दिसतो. ताठ भाग आणि लवचीक भाग जिथे भेटतात, तिथे धातू थकतो.

चौथे कारण सर्वांत गंभीर आणि सर्वांत उशिरा कळणारे: धातूलाच लागलेली झीज. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो आणि तोच त्याचे कवच असतो. खारे पाणी त्या कवचाला टोचून बारीक खड्डे पाडते. ओला फोम, कुजलेला गालिचा किंवा साचलेला पालापाचोळा पत्र्याला चिकटून राहिला, तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही, कवच पुन्हा बनत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पांढरी भुकटी दिसली की समजावे, खाली खड्डा आहे.

दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले तरी हेच घडते, आणि फार वेगाने. याचा इतिहासातला नामांकित धडा 1895 मध्ये मिळाला. त्या वर्षी अमेरिका कप जिंकणाऱ्या डिफेंडर या शर्यतीच्या नौकेत नॅथॅनियल हेरशॉफ यांनी पाण्याखाली ब्राँझ, वर अ‍ॅल्युमिनियम आणि आत पोलादी सांगाडा वापरला होता. नौका हलकी झाली, जिंकली, आणि समुद्राच्या पाण्यात तिचे अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले गेले. 1901 मध्ये ती मोडीत निघाली. आजच्या लहान बोटीत हेच नाटक छोट्या प्रमाणात चालते: पितळी नळी, तांब्याचे हरवलेले नाणे, स्टेनलेसचे स्क्रू, तांबे असलेला शेवाळरोधक रंग.

आणि लाकूड. मागच्या पाटीतले प्लायवूड कुजले की लोक बाजारातले प्रक्रिया केलेले लाकूड बसवतात. या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असतात. अमेरिकेत 2003 च्या अखेरीनंतर घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचे जुने मिश्रण काढून घेतले गेले, पण त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांबे आणखी वाढले. असे लाकूड ओले होऊन अ‍ॅल्युमिनियमला टेकले की काही हंगामांत पत्र्याला भोके पडू शकतात. मागची पाटी नवी करताना साधे चांगले मरीन प्लायवूड इपॉक्सीने सर्व बाजूंनी बंद करून वापरणे, हाच योग्य मार्ग.

आधी निदान

गळती किती मोठी आहे, हे मोजणे आवश्यक आहे. सैल रिव्हेटमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसभरात साधारण चार लिटर पाणी येते. स्पंजाने टिपता येईल इतकेच. पण सहा मिलिमीटरचा एक रिव्हेट पाण्याखाली तीस सेंटिमीटरवर पूर्ण निखळला, तर मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास, म्हणजे तासाला दीडशे लिटर पाणी आत येते. पहिली गळती सहन करता येते. दुसरी मात्र बोट बुडवू शकते.

जागा शोधण्याची सर्वांत भरवशाची रीत उलटी आहे: बोट कोरड्या जमिनीवर ठेवून आत पाणी भरायचे आणि बाहेरून पाहायचे. मात्र यात एक धोका आहे. सव्वाचार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळात पाच सेंटिमीटर पाणी भरले तरी अडीचशे किलोहून अधिक वजन होते. ट्रेलरच्या दोन फळ्यांवर ते पेलताना तळ वाकू शकतो. म्हणून खालून जागोजागी आधार द्यावा, पाणी थोडे थोडे भरावे, आधी मागे, मग नाळेकडे. बाहेरून तळ पुसून कोरडा करावा आणि जिथे ओल फुटते तिथे लगेच खडूने किंवा मार्करने खूण करावी. थेंब घरंगळत खाली जातो, म्हणून नजर थेंब जिथून सुटतो तिथे ठेवावी, पडतो तिथे नव्हे. रात्री आत दिवा ठेवून बाहेरून उजेड शोधण्याची रीत तडा आणि भोकांसाठी चालते, सैल रिव्हेटसाठी अपुरी पडते.

जमिनीवर बाहेरून कोरडी राहिलेली बोट पाण्यात गळत असेल तर सांधे वेगात असतानाच उघडतात असे समजावे. तेव्हा आत एकाने रिव्हेटवर हाताचे बोट ठेवावे आणि बाहेरून दुसऱ्याने शेजारी हलके ठोकावे. सैल रिव्हेट बोटाला हलताना जाणवतो.

याच टप्प्यावर बोटीचे वजन करून पाहावे. अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटरबोटींना पाणी भरले तरी तरंगत राहतील इतका फोम घालणे 1970 च्या दशकातल्या नियमांपासून आवश्यक झाले. जुना फोम वर्षानुवर्षे ओल शोषतो. बोट कागदावरच्या वजनापेक्षा बरीच जड निघाली, तर फरक फोममधल्या पाण्याचा असतो, आणि फरशी उचलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. ओला फोम काढला तर नवा तितकाच घालणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो फोम बुडत्या माणसासाठी असतो.

लेप आणि सीलंट

सर्वाधिक खपणारा उपाय म्हणजे आतून लावायचा पातळ, किंचित लवचीक इपॉक्सी. ग्लूविट हे त्यातले तिकडे घरोघरी माहीत असलेले नाव. हा लेप सांध्यावर आणि रिव्हेटच्या शेपटांवर ओघळतो, फटीत शिरतो आणि धरतो. पत्रा उन्हात थोडा तापवून घेतला तर तो अधिक पातळ होऊन खोल जातो.

या उपायावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: पाणी बाहेरून दाबते, म्हणजे आतला लेप सतत उचलला जातो. बाहेरून लावलेला लेप उलट फटीत दाबला जातो. पण बाहेरचा लेप वाळू, दगड आणि ट्रेलर खरवडून काढतात. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे: रिव्हेट हलत असेल तर कडक झालेला कोणताही लेप त्याच्याभोवती गोल तडकतो. म्हणून लेप घट्ट सांध्यातल्या बारीक पाझरावर उत्तम आणि सैल सांध्यावर तात्पुरता.

लेप लागला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांची चूक बहुधा पृष्ठभागाच्या तयारीत असते. अ‍ॅल्युमिनियम घासल्याक्षणी त्यावर ऑक्साइड परत चढू लागते. पत्रा आधी अ‍ॅसिटोनने तेलमुक्त करावा, स्टेनलेसच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासावा आणि लगेच लेप द्यावा. त्याहून चांगले म्हणजे ओला इपॉक्सी लावून त्यातच पुन्हा घासावे, म्हणजे उघडा पडलेला धातू हवेला भेटतच नाही. साध्या लोखंडी ब्रशने घासू नये, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून झीज सुरू होते.

पॉलियुरेथेन सीलंटमध्ये थ्री-एम कंपनीचे 5200 सर्वश्रुत आहे. ते हवेतल्या ओलाव्याने पाच ते सात दिवसांत पूर्ण सुकते, लवचीक राहते आणि विलक्षण चिकटते. नळीची तोंडे आणि ठिगळांसाठी ते योग्य, पण उद्या उघडावी लागेल अशा जागी त्याच्याऐवजी 4200 सारखे कमी चिकट सीलंट वापरावे. आवळलेल्या सांध्याच्या फटीत मात्र दाट सीलंट शिरत नाही, वर नुसती माळ बसते. घराच्या बाथरूममधले सिलिकॉन कधीही लावू नये. ते सुटते, आणि त्याचा चिकट अंश राहिलेल्या जागी पुढे कोणताच लेप किंवा रंग धरत नाही. एम-सीलसारखी लांबी एखादे भोक तळ्याकाठी तातडीने बुजवायला चालते, कायमची दुरुस्ती म्हणून नव्हे. संपूर्ण तळाला रबराचा किंवा ट्रकच्या हौद्याचा लेप देणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. तो सुटला तर त्याखाली पाणी अडकते, पत्रा दिसत नाही आणि पुढचा दुरुस्ती करणारा आंधळा होतो.

रिव्हेट

रिव्हेट केलेल्या बोटीला रिव्हेटनेच बरे करावे, ही कारागिरांची जुनी भूमिका मला सर्वांत भक्कम वाटते. सैल पण शाबूत रिव्हेट बदलावा लागत नाही. बाहेरच्या डोक्यावर हवेवर चालणारी हातोडी आणि आतून शेपटावर जड पोलादी ठोकळा धरला की काही ठोक्यांत तो पुन्हा आवळतो. दोन माणसे लागतात आणि दोघांचा ताल जमावा लागतो. ठोकळा हलला तर शेपूट वाकडे बसते, जास्त ठोकले तर भोवतीचा पत्रा ताणला जाऊन शेजारचे रिव्हेट सैल होतात. म्हणून दोनदोन ठोके मारून तपासत जावे.

ज्याचे डोके झिजले किंवा भोक लांबट झाले, तो रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा भरीव अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट मारावा, भोकात सीलंट लावून. पत्र्याबाहेर निघणारी शेपटाची लांबी व्यासाच्या दीडपट असावी, म्हणजे सहा मिलिमीटरच्या रिव्हेटला नऊ मिलिमीटर. हा विमानांच्या कामातला नियम इथेही चोख लागू पडतो.

बाकाखाली किंवा फोममागे हात पोचत नाही, तिथे पॉप रिव्हेट वापरण्यावाचून गत्यंतर नसते. दुकानातला साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो आणि पाणी त्याच्या पोटातूनच आत येते. बंद टोकाचा आणि आतली खिळीही अ‍ॅल्युमिनियमचीच असलेला प्रकार मागून घ्यावा, सीलंटमध्ये बुडवून मारावा. तो भरीव रिव्हेटइतका आवळत नाही, हे लक्षात ठेवून मोजक्याच जागी वापरावा.

तड्यावर ठिगळ लावायचे तर आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. ठिगळ 5052 सारख्या मॅग्नेशियमयुक्त सागरी मिश्रधातूचे असावे, कोपरे गोल करावेत, मध्ये सीलंट पसरावे. रिव्हेट ठिगळाच्या काठापासून व्यासाच्या किमान दुप्पट आत आणि एकमेकांपासून तीनचार पट अंतरावर असावेत. तडा ज्या ताणामुळे पडला तो तसाच राहिला तर ठिगळाच्या काठाशी नवा तडा जातो, म्हणून सैल बाक किंवा कुजलेली पाटी आधी दुरुस्त करावी.

वेल्डिंग

मूळची वेल्ड केलेली बोट तडकली तर वेल्डिंगला पर्याय नाही. पण रिव्हेटच्या बोटीचे सांधे वेल्ड करण्याचा मोह टाळावा. हे मिश्रधातू 600 ते 650 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात, तर वरचे ऑक्साइड वितळायला 2,070 अंशांच्या आसपास उष्णता लागते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि लाल न होता एकदम ओघळते. जुन्या सांध्यात सीलंट, तेल आणि ओल मुरलेली असते, तिच्यामुळे वेल्ड फसफसून सच्छिद्र होते. उष्णतेने शेजारचे सीलंट जळते आणि एक गळती बंद करताना चार नव्या सुरू होतात. ग्रमनच्या कनूमध्ये वापरलेल्या 6061 या उष्णतेने कठीण केलेल्या मिश्रधातूची ताकद वेल्डशेजारी साधारण 40 टक्के घटते.

गॅसच्या ज्योतीवर वापरायच्या जस्तयुक्त कांड्या सुमारे 390 अंशांवर वितळतात आणि छोट्या भोकावर, पत्रा अगदी स्वच्छ असेल तर, चांगल्या बसतात. पण ज्योत असो वा वेल्डिंग, मागचा फोम आधी काढावाच लागतो. जळत्या पॉलियुरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतात. पेट्रोलची टाकी आणि नळ्या बोटीबाहेर गेल्याशिवाय ठिणगी पेटवू नये.

निवाडा

सगळ्या बाजू तपासल्यावर क्रम स्पष्ट होतो. आधी बूच आणि नळ्या. मग आत पाणी भरून खुणा. मग सैल रिव्हेट आवळणे, झिजलेले बदलणे. सांधे घट्ट झाल्यावर उरलेल्या पाझरासाठी आतून इपॉक्सी. तडा असेल तर ठिगळ, वेल्डिंग फक्त वेल्डच्या बोटीला. शेवटी खाऱ्या पाण्यात जस्ताचा आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा तुकडा, जो अ‍ॅल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतो, आणि तांबे असलेल्या प्रत्येक वस्तूला बोटीबाहेरचा रस्ता. लेपवाले, रिव्हेटवाले आणि वेल्डिंगवाले तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकाचे काम दुसऱ्याला सांगण्यात.

मोडीत काढायची वेळही ओळखावी. तळाला जागोजागी खड्डे पडून पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत जात असेल, तर कोणताही उपाय करू नये. ते अ‍ॅल्युमिनियम भंगारात द्यावे, खनिजापासून नवे बनवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्क्यांत ते पुन्हा वितळून वापरता येते. पण पत्रा शाबूत असेल आणि फक्त सांधे सैल असतील, तर ती बोट टाकून देऊ नका. दोन माणसे, एक हातोडी, एक ठोकळा आणि थोडा संयम यांवर ती आणखी एका पिढीला पुरते. दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीला मात्र काठाजवळच राहा, लाइफ जॅकेट घाला आणि पाणी उपसायला डबा बरोबर घ्या.